तिसऱ्यांदा लावलेला कौल

गोवा, ७ डिसेंबर २००३

तीर्थरूप आयेस, तुझ्या स्वरूपचा दुरूनच वाकून नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. रोज उद्या लिहू म्हणत टाळलं. मी बरा आहे. मोठ्या हॉस्पिटलच्या दारात चहाच्या गाड्यावर काम मिळालंय. इथला पाव तर असा मऊ की... जाऊ दे. धाकट्या दिव्याचा खोकला गेला काय?

जत्रेला ये नि देवाची माफी माग, असं लिहितेस. देव मी मानत नाही, मग माफी कोणाकडे मागू? बरं, तुझ्यासाठी धरू की देव आहे. भाईंच्या छातीत कळ आली तेव्हा बाबी गुरवाने देवाला ओली पाकळी चिकटवून कौल लावला, "हॉस्पिटलात नको, घरातच ठेवचो काय?" पाकळी दोनदा डावीकडे पडली. म्हणजे देव नको म्हणाला. तरी गुरवाने तिसऱ्यांदा लावली, ती उजवीकडे पडली, आणि भाई घरातच गेले. देव असेल तर गुरवाने देवाचंच ऐकलं नाही. नसेल तर ओल्या पाकळीवर माझा बाप घालवला. दोन्हीकडून तोच सापडतो! जत्रेला येईन ते साऱ्या गावासमोर त्याला हे विचारायला.

तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

आये, थांब. समोर रिक्षा आली. बाबी गुरव उतरलाय, हात छातीवर! मला बघून तिथूनच ओरडला, "स्वरूपा, डाक्टर खंय रे?"

"कौल लावन इलंस काय?" एवढं विचारून त्याला आत पोचवतो. तो जगलाच पाहिजे. जत्रेत उत्तर द्यायचंय त्याला.

तुझा,
स्वरूप