उजवा खांदा उत्तम आहे

३ जानेवारी
सुट्टीनंतर तलावात पहिला दिवस. संकल्प: यंदा पॅरालिम्पिक. त्याहून कमी काहीही चालणार नाही.
वय एकोणचाळीस, पण ते कागदावर. पाण्यात मी जेमतेम तिशीचा. डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच, त्यामुळे तो अजिबात झिजलेला नाही. उजवा खांदा थोडा कुरकुरतोय. थंडी. आमच्या सेगेद शहरात जानेवारीत सगळ्यांचंच काही ना काही कुरकुरत असतं.
दुसरा संकल्प: तलावाबाहेरच्या गाडीवरचा लांगोश बंद. गरम तळलेली पोळी, वर आंबट साय आणि चीज म्हणजे खेळाडूचा शत्रू. कायमचा बंद. आजचा धरायचा नाही. तो गेल्या वर्षीचा राहिलेला होता.

११ जानेवारी
प्रशिक्षक विल्मोशकाकांनी घड्याळ लावून शंभर मीटर पोहायला लावलं. निकाल निराशाजनक. म्हणजे घड्याळाचा. मी म्हटलं, काका, हे आता बदला. काका म्हणाले, तुला युरोपातलं ब्राँझ मिळालं तेव्हा तर हेच घड्याळ बरं चालत होतं की! मी विषय बदलला.
आमच्याच तलावावरचा पोरगा बोतोंद माझ्या आधी पोहोचला. त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नाहीत. पण हात? दोन! दोन धडधाकट हातांच्या माणसाशी माझी तुलनाच चूक. वर मला 'कोर्नेलदादा' म्हणतो. मानसिक दडपण आणायचं तंत्र असावं. आमच्या काळी नव्हतं असलं.

२६ जानेवारी
केस विंचरायला हात वर जाईना. तसेच ठेवले. ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नाही. एकानं विचारलं फक्त, की भांडण झालं का घरी.
पांकाला आज उचललं नाही. चार वर्षांची झाली, तिनं जिना स्वतः चढायला हवा. तसं नीट समजावलं. ती पायरीवर बसून रडली. शेवटी एमोकेनं उचललं. आईच लाडावून ठेवते तिला.

५ फेब्रुवारी
एमोकेनं डॉक्टरकडे नेलंच. हाल्मोशबाईंनी खांद्याच्या आतली चित्रं काढली. म्हणाल्या, स्नायूबंध निम्मा फाटलाय, पोहणं आजपासून बंद. मी म्हटलं, मार्चमध्ये पॅरालिम्पिकची निवड स्पर्धा आहे. बाई म्हणाल्या, "लोकांचा एक खांदा गेला तर दुसरा असतो, कोर्नेल. तुमच्याकडे स्टेपनी नाहीये. हा तुटला तर शर्टाचं बटण कोण लावणार तुमच्या?" हे विचारताना माझ्याकडे नाही, एमोकेकडे बघत होत्या.
डॉक्टरांना खेळातलं काय कळतं? शिवाय निम्मा फाटलाय म्हणजे निम्मा शाबूत आहे. येताना ट्रॅममध्ये एमोकेला हे समजावून सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. पटलं असणार.

१७ फेब्रुवारी
कट शिजतोय! दर शनिवारी तलावावर नवी मुलं येतात. कुणाला हात नाही, कुणाला पाय, आणि सगळी पाण्याला घाबरतात. काका म्हणाले, यांना तू शिकव, तुझ्यासारखं दुसरं कोणी शिकवू शकणार नाही. मला तलावातल्या माझ्या पट्टीतून हाकलायची ही सभ्य रीत. मी म्हटलं, निवृत्त झाल्यावर बघू.
काकांनी घड्याळ खिशात घातलं. मग म्हणाले, स्पर्धेसाठी मी तुला यापुढे पोहवणार नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता म्हणे. "अरे, पाच वर्षांचा होतास तेव्हा तुझ्या आईनं तुला माझ्या ताब्यात दिलं. तिला काय सांगू मी?"
आईला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा तिला काही सांगायचा प्रश्नच येत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. काकांचे डोळे लाल झाले. क्लोरीन फार टाकतात हल्ली.
संकल्प: यापुढे एकट्यानं सराव.

२ मार्च
सराव झकास. मधेच थांबलो ते डावपेच म्हणून.
एक लांगोश. ताकदीसाठी. फार गरम होता म्हणून बोतोंदनं धरला आणि मी खाल्ला. तो कुणाला सांगणार नाही म्हणाला. सांगण्यासारखं काय आहे त्यात?
एमोकेला सांगितलं, काकांनीच माझं नाव स्पर्धेत दिलं होतं, पण मी स्वतःहून मागे घेतलं. पहिला भाग तसा खराच आहे. काकांनी दिलं असतंच. ती गळ्यात पडून रडली. दुसरा भाग जरा अंगाशी येणार, कारण नाव मी परस्पर देऊन बसलोय.

१६ मार्च. बुडापेस्ट, सकाळी
आज निवड. खांदा उत्तम! गोळ्या घेतल्यात, पण केवळ खबरदारी. घरी वाटतंय मी ऑफिसच्या ट्रेनिंगला आलोय. आता एकदम पदकच दाखवीन.
बोतोंद कपडे बदलायच्या खोलीत आला. म्हणाला, दादा, अजून वेळ आहे, नाव काढून घे ना, पाया पडतो. घाबरलाय बिचारा. टोपी मात्र त्याच्याकडूनच चढवून घेतली.

२९ मार्च
अक्षर एमोकेचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय.
शर्यतीत भिंतीवरून परत फिरल्यावर खांद्यात काहीतरी तुटलं. पाण्याखाली मोठा आवाज होतो. त्यानंतर पाणी बरंच प्यालो.
बोतोंद शेजारच्या पट्टीत होता, माझ्या पुढे. तो वळला. दोरीखालून आला आणि मला धरून ठेवलं. दुसऱ्याच्या पट्टीत शिरलेल्याला बाद करतात. त्यालाही केलं.
इथे मी त्याच्याबद्दल एक वाक्य सांगितलं होतं. एमोकेनं लिहिलं नाही. म्हणाली, त्या पोरानं तुझा जीव वाचवला, एवढंच मी लिहिते. लिहिलं.
ऑपरेशन झालं. हात छातीशी बांधलाय. विल्मोशकाका रोज येतात, दाढी करून देतात, ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पांका सूप भरवते. तोंड नीट उघडलं नाही की रागावते.
मग खांद्याबद्दल आणि पुढच्या वर्षाबद्दल सांगायला लागलो. एमोकेनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, कोर्नेल, हे माझ्या हातानं लिहिणार नाही. दुसरं काही सांग.
आता पेन पुन्हा उचललंय तिनं. वाट बघतेय.
दुसरं काही सुचत नाहीये.