ओळ क्रमांक ३११

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. सकाळी ९.१०
आजपासून पक्कं. ३१ मार्चच्या आत यादी पुरी करायची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली फ्रेंच लष्करी विमानं, पाण्यावर उतरणारी विमानं, एकेकच बनलेले नमुने आणि नुसते कागदावर राहिलेले प्रकल्प, या सर्वांची अचूक डेसिग्नेशन्स, म्हणजे अधिकृत नाव-नंबर. ओळी ३१२. भरल्या ३११. रिकामी एकच, ओळ क्र. ३११. किरकोळ बाब.

असं काम सातारा-सांगलीत दुसऱ्या कोणी केलेलं नाही. पुण्यातही नसावं. चौकशी केलेली नाही.

तासगावात तीस वर्षं हाताने नंबरप्लेटा रंगवल्या. ट्रॅक्टर, टेम्पो, द्राक्षाच्या गाड्या. आता सरकारची हाय सिक्युरिटी प्लेट आली, मशीनवरची. माझ्याकडे कोऱ्या प्लेटांचे चार खोके उरले. त्यांवर विमानांची डेसिग्नेशन्स रंगवतो आणि घरामागच्या जुन्या बेदाणा शेडमध्ये तारेला टांगतो. जी विमानं बनलीच नाहीत त्यांना नंबरप्लेट कोण देणार?

नियम पहिला (स्वतः शोधलेला, कोणा उस्तादाकडून घेतलेला नाही): ब्रश बुडवण्याआधी अक्षरं मोजायची. जो मोजत नाही त्याचं शेवटचं अक्षर कोपऱ्यात चेंगरतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
बाळासो आला. रिटायर्ड सुभेदार, शाळेपासूनचा मित्र. त्याला शेड दाखवली. C.1 म्हणजे शिकारी विमान, आत एक माणूस. BN.4 म्हणजे रात्रीचं बॉम्बफेकी, चार माणसं. आकड्याआधी H आला की विमान पाण्यावरचं, उदा. बर्नार्ड H.52. लातेकोएर ५८२ एकच बनलं. ल्वार १०२ सुद्धा एकच.

त्याने विचारलं, "आन हे बाकीचं?" म्हणालो, बाकीची बरीचशी बनलीच नाहीत. तो म्हणाला, "गड्या, आमच्या पलटणीत मेलेल्याला नंबर असायचा. तू जल्माला न आलेल्याला दितूयास." चहा पिऊन गेला.

वाचनाची सवय नसली की असं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.४०
शेडमध्ये आवाज. कर्र. थांबून पुन्हा कर्र. टांगलेलं काहीतरी सावकाश हलावं तसा. दोरा टांगून पाहिला, वारा नाही. १२.४१ ला बंद.
निष्कर्ष: उन्हाने पत्रा फुगतो.

१८ फेब्रुवारी. १२.४०
पुन्हा. मिनिटाचाही फरक नाही. पत्रा घड्याळ बघून फुगत नाही. निष्कर्ष तूर्त मागे घेतो.
आणखी एक. ओळ ३११ साठी टांगलेली प्लेट भिंतीकडे तोंड करून होती. दोन्ही बाजूंनी ती कोरीच आहे. तरी मला कळलं की ती फिरली आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ
धनाजी आला होता. चुलत भाऊ, मळा त्याच्याकडे. म्हणाला, "दादा, पाडवा झाला की बुधवारी जेसीबी लावतूय. मधला बांध काढून मळ्यातली शेड वाडवायची हाय. ती बाभळ बी जाईल." मग चप्पल घालता घालता, खाली बघत: "वैनी म्हनत हुत्या, तुमचं त्या बाभळीखाली... तिथं काय खूण असंल तर मी तीन फूट सोडाय सांगतो. खूण न्हाई म्हटल्यावर ड्रायव्हरला काय कळनार? त्यो मिरजेचा."
म्हणालो, लावतो खूण. पाटी रंगवणं हा माझा धंदाच आहे, एका दुपारचं काम.
मग त्याला द्राक्षाचा भाव विचारला. मला द्राक्षं नाहीत.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
माया (पत्नी) म्हणाली, "आवं, जगाच्या गाड्यांना नंबर दिलं. आता फ्रान्सच्या इमानांना दिताय. तिच्यासाठी एक पाटी लिवा."
मी शांतपणे अडचण सांगितली. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीचं बारसं बाराव्या दिवशी. ती अकराव्या दिवशी गेली, मळ्यातल्या बाभळीखाली ठेवली. नाव ठेवलंच नव्हतं, तर पाटीवर लिहायचं काय? डेसिग्नेशन नसताना प्लेट रंगवता येत नाही. हा हट्ट नाही, शिस्त आहे.
तिने फराळाची ताटली माझ्यापुढे ठेवली. ठेवायला लागतो त्याहून जरा जास्त आवाज झाला.
बुधवार म्हणजे २ एप्रिल. पाच आठवडे आहेत. घाई नको.

४ मार्च, मंगळवार
ओळ ३११ चा छडा लावायचा निश्चय. फ्रान्समधल्या एका संग्रहालयाला ईमेल केला, स्वतःच्या फ्रेंचमध्ये. सात महिने मोबाइलवर शिकतो आहे. सोबत त्या विमानाचं मला सापडलेलं एकमेव रेखाचित्र जोडलं: दोन तरंगते पाय, एकच आसन, लहानसं. फार सुबक. कडेला कंपनीचं नाव आहे, नंबर नाही. लिहिलं की माझ्याकडे जागा राखून ठेवलेली आहे, कृपया नंबर कळवा.
१२.४० ला आवाज. आता नुसती नोंद ठेवतो.

११ मार्च
संग्रहालयाचं उत्तर आलं, इंग्रजीत. (माझं फ्रेंच त्यांना झेपलं नसावं.) दोनच वाक्यं. त्या काळात बरेच प्रकल्प नंबर मिळण्याआधीच थांबले. अशांची नोंद आम्ही बनवणाऱ्याच्या नावाखाली ठेवतो, पुढची जागा मोकळी सोडून.
हा निष्काळजीपणा आहे. कोणीतरी बसून त्याचे पंख आखले, पाय आखले. हाक मारायला काही ठेवलं असेलच. घरात तरी.
बनवणाऱ्याचं नाव आणि पुढे मोकळी जागा. ही पद्धत मी आधी कुठेतरी पाहिली आहे. कुठे ते आठवत नाही.

१४ मार्च, धुळवड
जेवताना आई (साळूबाई, वय ८१) आपणहून म्हणाली, "पोर गेली तवा बारा वाजून गेलं हुतं. उनाचा निसता कहर हुता."
मी दुरुस्ती केली. बारा चाळीस.
"तुला ध्यानात हाय व्हय?"
म्हणालो, दवाखान्याच्या कागदावर होतं. चूक दिसली की दुरुस्त करायची माझी सवय आहे, बाकी काही नाही.
माया उठून पाणी आणायला गेली. तांब्या भरलेला होता.

दुपारी ३
आठवलं. दवाखान्यात पोरीच्या पायाला पट्टी बांधली होती. 'बेबी ऑफ माया'. पुढे मोकळी जागा.

१५ मार्च
प्रकृती बरी नाही. यादीचं काम बंद. पाटीचंही. ब्रश रॉकेलमध्ये ठेवले. १२.४० ला शेडमध्ये गेलो नाही, स्वयंपाकघरात बसलो. तिथेही ऐकू आला.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ११
मोठा लाभ. चौथ्या खोक्याच्या तळाशी एक जुनी प्लेट सापडली. चारी बाजूंनी द्राक्षवेल, हिरव्या इनॅमलमध्ये, नंबर एकच्या ब्रशने. पानांच्या शिरासुद्धा काढलेल्या. मधली जागा मोकळी. काम अव्वल आहे. कोणाचं ते उघड आहे, पण कोणत्या गिऱ्हाइकाचं ते आठवत नाही.
ओळ ३११ ला शोभेल.

सायंकाळी ५.३०
आठवतं. पाळण्यासाठी रंगवली होती. बारशाला आत्या तिच्या कानात नाव सांगणार, सगळे कुर्रर्र करणार आणि मग मी मधली जागा भरणार, असं ठरलं होतं. रंग आदल्या दिवशीच काढून ठेवला होता, घट्ट होऊ नये म्हणून झाकण लावून.
याचा विमानांशी संबंध नाही. इथे लिहायला नको होतं. शाई आहे, खोडत नाही.

२५ मार्च
बाळासोने रस्त्यात गाठून विचारलं, खूण लावली का. म्हणालो, सध्या अक्षरांच्या वळणावर विचार चालू आहे. तो म्हणाला, "जेसीबी वळण बघत न्हाई रं."
उत्तर घरी आल्यावर सुचलं. देण्यासारखं होतं.

३० मार्च, पाडवा
नव्या वर्षाचे संकल्प:
उद्या खुणेची पाटी रंगवायची.
त्याआधी मायाला विचारायचं की तिच्या मनात तेव्हा काही नाव होतं का. साधा प्रश्न आहे. सव्वीस वर्षांत वेळ मिळाला नाही इतकंच.
आज रंगवली असती, पण सणाला हात भरलेले बरे नव्हेत.

३१ मार्च, सोमवार
यादीची मुदत संपली. ३११ रिकामी. मुदत ३० एप्रिलपर्यंत वाढवली. सरकारनेही नंबरप्लेटची मुदत वाढवली आहे, तेव्हा दोष एकट्या माझा नाही.
मायाला विचारायला स्वयंपाकघरापर्यंत गेलो. तिने मागे वळून पाहिलं. तोंडातून "चहा" असं आलं. ती म्हणाली, "ठिवलाय."
वेलीची प्लेट खोक्यात नाही. नंबर चारचा ब्रशही जागेवर नाही. उंदीर. (उंदीर अॅल्युमिनियम खात नाहीत. माहीत आहे.)

१ एप्रिल, मंगळवार. दुपारी १
आज हिय्या करून १२.३५ पासून शेडमध्ये बसलो. आवाज वेळेवर आला, पण थांबला नाही. चार मिनिटं. तारेवरच्या सगळ्या प्लेटांनी एकेक करून भिंतीकडे तोंड फिरवलं. शिकारी, बॉम्बफेकी, पाण्यावरची, सगळी. तीनशे पाठी. कोणी काही मागत नव्हतं. त्यांना माझ्याकडे बघायचं नव्हतं, एवढंच.
मी मोठ्याने म्हणालो, उद्या. नक्की.

सायंकाळी ६
तोडगा निघाला. पाटीवर लिहायचं: 'खूण'. तथ्याला धरून, चुकीला वाव नाही, नाव कळण्याची गरज नाही. अक्षरं दोन. मोजून, सुताने सरळ रेघ मारून, मध्यावर. पहिला हात मारला. रंग वाळायला चौदा तास.
उद्या दहापर्यंत मळ्यात. अकराच्या आधी जेसीबी कामाला लागलेला मी आयुष्यात पाहिलेला नाही.

२ एप्रिल, बुधवार. सायंकाळी ५
सकाळी माया घरात नव्हती. वाटलं, देवळात गेली असेल. दुसरा हात मारला. 'ण' च्या दांडीची कड नीट केली. एसटी चुकली, पुढची धरली.

१०.२० ला पोचलो. जेसीबी सातलाच आला होता, उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून. बांध गेला होता. बाभळ आडवी, मुळं वर. सगळीकडे सपाट लाल माती. मधोमध तीन फुटांचा एक उंचवटा तेवढा शिल्लक, आणि त्याच्या कडेला माया बसलेली, पदर डोक्यावर घेऊन. धनाजी म्हणाला, "वैनी दिस उगवायच्या आदी आल्यात. मला म्हनल्या, पाटी आनलीया. मी म्हटलं, दादांनी लिवली असंल."

उंचवट्यात काठी रोवलेली. काठीला तारेने वेलीची प्लेट बांधलेली. मधल्या जागेत, माझ्या नंबर चारच्या ब्रशने, माझ्याच काळ्या रंगात: राजनंदिनी.

अक्षरं मोजलेली नाहीत. सूत मारलेलं नाही. 'रा' हा पाटीच्या एक तृतीयांश. 'ज' जरा कमी. 'नं' येईपर्यंत तिला कळलं असावं. 'दि' चेंगरलेला. 'नी' ला जागाच नाही, तो वेलीच्या पानांवर चढला आहे. रंग पातळ, एक ओघळ खालपर्यंत.

मी विचारलं, हे नाव कधी ठरलं. ती म्हणाली, "पोटात हुती तवाच. बारशाला सांगनार हुते, तुमच्या भैनीच्या कानात. मग तुमी कवा इचारलंच न्हाई."
मी म्हणालो, उद्या विचारणार होतो.
ती म्हणाली, "व्हय."

मी शेजारी बसलो. माझी पाटी पिशवीतून काढली नाही. 'खूण' ही दोन अक्षरं अगदी मध्यावर बसली होती. केसभर इकडे तिकडे नाही.

घड्याळ पाहिलं नाही. सावली पायाखाली आली, थोडी थांबली, पुढे सरकली, एवढं सांगता येईल. माया त्या सुमारास वाकून तोंडाने अगदी हळू आवाज करत होती. कुर्रर्र. मी दुसरीकडे बघितलं. मग मीही केला. मला नीट जमला नाही.

जेवण उरकून ड्रायव्हर परत आला. मिरजेचा, तरुण. उंचवट्याच्या कडेने बकेट फिरवण्याआधी खाली उतरला, पाटीपुढे उभा राहिला. म्हणाला, "काका, लय लांबून दिसली बघा. म्हनून वाचलं." मग मान वाकडी करून अक्षरं पाहिली आणि म्हणाला, "पेंटर मात्र नवशिका हाय जनू."

म्हणालो, हो. नवशिकाच आहे.