न चालणाऱ्या गाडीचं तेल

आप्पा,

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीचं तेल बदलून घेतलं. गाडी नवीन आहे, घेऊन वर्ष झालं. पण इथे शिरूरमध्ये माझी शाळा घरापासून चालत जाण्याएवढी जवळ आहे, त्यामुळे ती बहुतेक वेळ झाकूनच असते. सर्व्हिसिंगवाला मीटर बघून म्हणाला, "मॅडम, ही तर चाललीच नाही. कशाला बदलता, पुढच्या वर्षी या." मी म्हणाले, वर्ष झालंय, बदला. त्याने पुढे वाद घातला नाही. जुनं तेल खाली ट्रेमध्ये पडताना बघत उभी राहिले आणि तुमची आठवण आली, म्हणून लिहायला बसले.

कुरकुंभच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर तुम्ही ती पांढरी छोटी गाडी घेतलीत. खुटबावला आपल्या वस्तीत ती पहिलीच. गाडी चालवायला तुम्ही त्या वयात शिकलात, लायसनही काढलंत, आणि पहिल्याच महिन्यात चौफुल्याजवळ उसाची ट्रॉली अगदी घासून गेली. गाडीला ओरखडा नव्हता. पण तेव्हापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. चौदा एप्रिलला तेवढी पुसून, निळा झेंडा लावून तुम्ही गावातून एक चक्कर मारायचात, तीही दुसऱ्या गिअरच्या पुढे न जाता. एरवी रोज सकाळी चहाच्या आधी गाडी चालू करायची, पाच मिनिटं कान देऊन ऐकायची आणि बंद करायची. कंपनीत राखीव पंप असेच रोज थोडा वेळ फिरवून ठेवत, म्हणजे ऐन वेळी अडत नाहीत. तीच रीत तुम्ही घरी आणलीत.

आईचं म्हणणं वेगळं होतं. मांडवगणला मामा लकव्याने पडून होता. गाव तसं नदीपलीकडे, पण एसटीने जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागत, आणि आईचे गुडघे तेव्हाच गेलेले. "दारात गाडी हाय आन् मला भाऊ दिसंना," भाकरी थापता थापता ती म्हणायची, तुम्हाला ऐकू जाईल अशी. तुम्ही म्हणायचात, "रस्ता जरा नीट होऊ दे, मग जाऊ." त्यावर ती, "व्हय, रस्ता नीट होस्तवर तो थांबतोय न्हवं."

मी सुट्टीला आले की गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचायची. त्यात तेलासमोर किलोमीटर दिले होते आणि वर्षही दिलं होतं. जे आधी होईल ते. वर्ष उलटून गेलं होतं. मी तसं म्हणाले तर तुम्ही हसलात. "आमच्या कंपनीत तेल चालल्या तासावर बदलत्यात. ही चालली कुठं? तेल काय बसून म्हातारं होतंय व्हय?"

"पुस्तकात लिहिलंय, आप्पा."

"पुस्तक लिहिणारा खुटबावला आलाय का कवा?"

मी पुस्तक मिटून ठेवलं. तुमच्यापुढे जास्त बोलायची मला सवय नव्हती.

मग ती हिवाळ्यातली सकाळ. तुम्ही शेडमधून हाक मारता. सायलेन्सरमधून पाणी गळतंय आणि तुमचा चेहरा उतरलाय. दौंडच्या मिस्त्रींना फोन जातो, ते मोपेडवरून येतात. वयाने मोठे, म्हणून तुम्ही त्यांना चाचा म्हणता. ते आल्या आल्या तुम्हाला जयभीम घालतात. इंजिनावरचं तेलाचं झाकण काढून ते आतून बोट फिरवतात आणि दाखवतात. सायीसारखा पांढरट थर.

"गॅस्केट गेलं? रेडिएटरचं पाणी तेलात उतरलं?" तुम्ही विचारता.

"थांबा वो. रोज किती चालवता?"

"पाच मिनटं."

"आन् जाता कुठं?"

"जात न्हाई. हितंच."

चाचा रेडिएटरचं पाणी बघतात, मग तुमच्याकडे बघतात. "आप्पा, हा कंपनीतला पंप हाय का? इंजन तापायच्या आत बंद करताय. आत घाम धरतोय, ते पाणी तेलात चाललंय. गॅस्केट धडधाकट हाय. तेल आज बदलतो. हितनं पुढं दर वर्षाला बदला, चालो नायतर न चालो. आन् हे पाच मिनटांचं सोडा. पंधरा दिवसातनं एकदा चांगली लांब न्या, इंजन तापल्याचा काटा मधी येऊस्तवर."

"लांब म्हंजी कुठवर?"

दारातून आई म्हणते, "मांडवगणपतुर."

"वैनी बरोबर बोलल्या," चाचा म्हणतात. "मांडवगण पुरतंय."

तेल बदलून चाचा गेले तरी तुम्ही बराच वेळ शेडमध्येच होता. मग बाहेर येऊन किल्ली माझ्यापुढे धरलीत. "तुझं लायसन हाय न्हवं? तू चालव. मी काट्याकडं बघतो."

केडगाव गेलं, पारगाव आलं. आई मागे बसलेली, मांडीवर डबा. समोरून ट्रॉली आली की तुमचा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबायचा, आणि तुम्ही मला म्हणायचात, "क्लचवरनं पाय काढ." नदीचा पूल यायच्या आतच तुम्ही म्हणालात, "आला मधी काटा." मला वाटलं, आता परत फिरव म्हणाल. मी वेग कमी केला. तुम्ही समोर बघत होता. "चालू दे," म्हणालात.

मामाला बोलता येत नव्हतं. आई त्याचा हात धरून पोराबाळांचं सांगत बसली. तुम्ही ओट्यावर मामीला समजावत होता की इंजिन नीट तापलं नाही तर तेल खराब होतं, आणि मामी व्हय व्हय करत चहा गाळत होती. त्यानंतर दर एका रविवाराआड तुम्ही स्वतःच किल्ली घेऊन आईला म्हणायचात, "चल, तेल तापवून येऊ." मामा जाईपर्यंत ते चालू राहिलं. तुझ्या भावाला भेटून येऊ, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, आणि आईनेही ते तुमच्या तोंडून काढून घेतलं नाही.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आई त्यानंतर गेली. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. गेल्या आठवड्यात तेल बदलून झाल्यावर त्या माणसानेही सांगितलं, मॅडम, अधूनमधून लांब नेत जा. मी हो म्हणाले. मांडवगणला मामी अजून आहे, एकटीच असते. तिचा फोन येतो, येऊन जा गं म्हणते. मी सांगते, शाळेमुळे वेळच मिळत नाही.

वेळ असतो, आप्पा.