संजीवन सभेनंतरचे गुरुवार

मम्मी, आपल्या मंडळीत विश्वास नव्यानं जागवायला पुन्हा संजीवन सभा ठरली आहे आणि तुमची सून म्हणून मला तिथं थोडं बोलायला सांगितलंय. मागच्या वेळचं संजीवन आपण टिकवलं कसं, असा विषय दिलाय. दुपारपासून कागद पुढ्यात घेऊन बसले, पण लोकांसाठी एक ओळ सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातीला तुमचा आवाजही नीट आठवत नाही. डोक्याला लावायच्या तेलाचा वास तेवढा आठवतो, म्हणते.

ती पहिली सभा मला मात्र काल झाल्यासारखी दिसते. इथं न्यू जर्सीत, आयसेलिनच्या अमेरिकन चर्चचा तळघरातला हॉल आपल्याला रविवारी दुपारी मिळायचा, तिथंच झाली. पुण्याहून पाहुणे पाळक उपदेशाला आले होते. जर्सी सिटीहून तरुण मुलं ट्रेननं आली, खुर्च्या कमी पडल्या. वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. तुम्ही शेवटच्या रांगेत स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या. घरी येताना गाडीत मी विचारलं, "मम्मी, तुम्हाला काहीच नाही वाटलं?" तुम्ही म्हणालात, "वाटलं की. पण पाहुणे उद्या विमानात बसणार. आपण इथंच राहणार." मला रागच आला होता तुमचा.

उन्हाळाभर हॉल भरलेला राहिला. मग पेटीचं निमित्त झालं. नगरचे काका कितीतरी वर्षं उपासनेला पेटी वाजवायचे, आणि आता त्या तरुण मुलांनी गिटार आणि इंग्रजी गाणी आणली होती. एका रविवारी गाणं चालू असताना गिटारवाला मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, टेम्पो इतका स्लो आहे यार, लहान मुलं बोअर होतायत." काकांनी गाणं तिथंच सोडलं, भाता मिटला आणि पेटी उचलून गाडीत नेऊन ठेवली. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यांच्यामागून वयस्कर माणसं कमी झाली. मग मुलंही एका मोठ्या अमेरिकन चर्चकडे वळली. थंडी पडेपर्यंत हॉल सोडून द्यायचं बोलणं निघालं. सभेत रडलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत नव्हतो.

त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, "मला काकांकडे सोड." मी ड्राइव्ह करतेय आणि तुमच्या मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आहेत. काकांनी दार उघडलं. "कमिटीनं पाठवलं का तुम्हाला?" "मला कोण पाठवणार? सूनबाईची गाडी होती, आले." त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही त्यांना भाकरी आणि लसणाची चटणी खायला घातलीत, रविवारचा विषय काढलाच नाहीत. ताट धुताना काका आपणहून बोलले. "वहिनी, बोटं वळत नाहीत आता. पोरगं खरं तेच बोललं." मला वाटलं, तुम्ही त्यांची समजूत घालाल. तुम्ही म्हणालात, "मग हळू वाजवा. गुरुवारी माझ्याकडे या प्रार्थनेला. मला तसाही सूर लागत नाही." ते हसले. परतताना मी म्हटलं, बोटांचं सगळ्यांना सांगूया, म्हणजे गैरसमज जाईल. तुम्ही म्हणालात, "दुखणं त्यांचं आहे. सांगायचं तर ते सांगतील."

घरी आल्यावर तुम्ही गिटारवाल्याला फोन लावलात. "आँटी, थर्सडेला माझे कॉल्स असतात." "कॉल संपले की ये. भात ठेवते."

तो आला नाही. कितीतरी गुरुवार तुम्ही, मी आणि काका, एवढेच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक गाणं, बायबलचा एक अध्याय, प्रार्थना, मग वरणभात. मी एकदा वैतागून म्हटलं, "बंद करूया का, मम्मी? काही होतच नाही. त्या सभेत कसं भरून यायचं!" तुम्ही कणीक मळत होतात. हात न थांबवता म्हणालात, "तुला प्रभू हवाय की ते भरून येणं हवंय?" मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच चहाचा कप माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवलात आणि म्हणालात, "जास्तच बोलले गं. पण बंद करायचं नाही."

मग एका गारठलेल्या गुरुवारी तो मुलगा आला, गिटार घेऊन. गाणं अर्ध्यावर असताना काका थांबले आणि उजवा हात डाव्या हातात धरून बसले. तो बघत राहिला. मग त्यानं तेच गाणं तिथूनच पुढे, त्यांच्याच संथ चालीत, गिटारवर धरलं. काका डोळे मिटून गायले. मला वाटलं, आता कोणी माफी मागेल, मोठं काहीतरी होईल. तुम्ही वरणाला फोडणी द्यायला उठलात.

हॉल सभेतल्यासारखा पुन्हा कधी भरला नाही. पण तो सोडावाही लागला नाही. काका गेले, तुम्ही गेलात. त्या गिटारवाल्याचे केस पांढरे झालेत आणि त्याच्या मुलीला मराठी गाणी इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावी लागतात, पण ती गाते. गुरुवार चालू आहे.

एवढं मी सभेत सांगेन. हे पत्र मात्र वाचणार नाही, कारण पुढचं फक्त तुम्हाला सांगायचं आहे. गेल्या गुरुवारी वेळ होऊन गेली तरी कोणी आलं नाही आणि मम्मी, मला बरं वाटलं. मी पाय वर घेऊन टीव्ही लावला. तेवढ्यात बेल वाजली. नागपूरची एक मुलगी, नुकतीच नोकरीसाठी आलेली, दारात उभी. "सॉरी मावशी, ट्रेन लेट होती. आज प्रेयर आहे ना?" "हो, ये ना," म्हटलं, पण मनातून कंटाळा आला होता. आम्ही दोघींनीच प्रार्थना केली. ती रडली, मला काहीही वाटलं नाही. तिला जेवायला वाढलं, आणि जाताना ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी येऊ का. मी पटकन हो म्हणून बसले.