बिथेलांचं पोर

प्रिय इथेल,

तुझं पत्र मिळालं. तिकडे अमेरिकेत स्क्रँटनच्या खाणीत बरं चाललंय, मुकादमाच्या मुलीशी, सुझॅनाशी लग्न ठरलंय, सगळं वाचलं. देवाचे आभार मानायला गुडघे टेकले आणि तशीच उठले. चार पानं लिहिलीस, त्यात लोरीचं नाव एकदाही नाही.

नाताळानंतर तिला चॅपलात सगळ्यांसमोर उभं केलं. पोटातलं कुणाचं, हे तिनं सांगितलं नाही. हिला चर्चच्या मंडळीतून काढायचं असेल त्यांनी हात वर करा, पंच म्हणाले. मीही केला, इथेल. हाच उजवा हात, ज्यानं हे लिहितेय.

बाळंत झाली तेव्हा धर्म म्हणून सूप घेऊन गेले. दुपटं सारलं तर पोराचा डावा कान वरून दुमडलेला. तुझा, तुझ्या बाबांचा, आजोबांचा. लोरी म्हणाली, "मारेदबाई, मी कुणाला बोलले नाही हं. तो बोटीचं तिकीट पाठवणार आहे." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

मांडीवर बसवून तुला काय शिकवलं होतं? पूर्वी आपल्या वेल्समध्ये आडनावं नव्हती. पोराला बापाच्या नावानं ओळखत: 'अब इथेल', इथेलचा मुलगा. तेच घासून बिथेल झालं. आज इथल्या मोल्ड गावापासून लिव्हरपूलच्या गोदीपर्यंत आणि तुझ्या अमेरिकेपर्यंत बिथेल पसरलेत. गावातच इतके, की दुकानदारीण विचारते, "विहिरीवरचे बिथेल की भट्टीवरचे?" एका बापानं 'हा माझा' म्हटलं म्हणून ना हे सगळे? आणि तू, नावाचा इथेल, तोंड शिवून बसलास!

रविवारी बाप्तिस्म्याला पोराला मीच नेलं. थोरले पंच ग्रिफिथ आडवे आले. "मारेदबाई, बापाचं नाव?" म्हटलं, "वाकून कान बघा." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग मी मोठ्यानं तुझं नाव घेतलं. पोराचं नाव ठेवलं इदवाल बिथेल. घरच्या बायबलात, घराण्याच्या यादीत, तुझ्या नावाखाली लिहिलाय. लोरीला परत घ्या म्हणून तिथंच हात वर केला. एकटीनं. खाली घेतला नाही.

आजच्या टपालात दोन पत्रं टाकतेय. पहिलं सुझॅनाला, तिला खरं कळू दे. दुसरं हे. लोरीला मात्र मी तुझ्या लग्नाचं सांगितलेलं नाही. ती अजून तिकिटाची वाट बघतेय. काय ते तूच तिला लिही, स्वतःच्या हातानं, आणि खाली पूर्ण नाव घाल.

तुझीच आई, पण आता आधी इदवालची आजी,
मारेद बिथेल