दोन क्लोरीन

प्रिय खडीसाखर,

खोबणीत बसलंय ते औषध नाही. काल दुपारी वजनवाल्या काकांनी ते पक्कं केलं. तळमजल्यावरच्या त्यांच्या यंत्रात रेणूंची वजनं होतात आणि काका एका वजनावर कधीच थांबत नाहीत, हे तुला सांगायला नको. तीनदा केलं. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, तुमच्या स्फटिकांत औषध औषधालासुद्धा नाही." स्वतःच्याच विनोदावर हसले, मग माझं तोंड पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

तू म्हणशील, हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. म्हण. पण आधी शेवटपर्यंत वाच. इतक्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे आज सगळं सरळ येईल असं नाही.

कालपासून मी दिसेल त्याच्यावर चिडतेय. प्रिंटरवर, जिन्यातल्या दिव्यावर, आणि सगळ्यांत जास्त त्या एन्झाइमवर. संध्याकाळी आईवरही खेकसले. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "आधी बस. काय झालंय ते मला कळेल असं सांग." सांगितलं. म्हटलं, हे एन्झाइम म्हणजे आपल्या शरीरातला एक झाडूवाला. बाहेरून विष आलं की त्याला एक चिठ्ठी चिकटवतो; चिठ्ठी लागलेला माल शरीर बाहेर टाकतं. भला माणूस. पण कॅन्सरचं औषधही त्याला कचराच वाटतं. आपण औषध देत राहायचं आणि याने ते बाहेर फेकत राहायचं. म्हणून काही काळ त्याचा हात धरायचा, चिठ्ठी ठेवायच्या त्याच्या खोबणीत दुसऱ्या एका औषधाचं बूच बसवायचं. ते बूच आत नेमकं कसं बसतं याचा फोटो काढणं हे आमचं काम. आई म्हणाली, "मग फोटो नीट काढायचा ना." वीस वर्षांचं माझं शास्त्र पाच शब्दांत आटोपलं. वर विचारते, "आणि ती खडीसाखर कुठे असते? भांडलात ना?" मी म्हटलं, ती कामात असते. आईने सुरी पुन्हा उचलली. नुसती भाजी चिरत राहिली.

हे बाहेर कसं आलं, तर रसायनवाल्यामुळे. माझ्या चित्रावरून त्याने दोन वर्षांत अकरा नवी बुचं बनवली. चित्रात जिथे जागा दिसते तिथे एक हात वाढव, जिथे अडतंय तिथे छाट. एकही बसलं नाही. मंगळवारी तो माझ्या टेबलावर सगळ्या कुप्या ओळीने मांडून उभा राहिला. "अकरा झाली. आता तूच सांग, माझी बुचं वाईट की तुझी बाटली?"  मी संगणकावर क्ष-किरणांच्या फोटोंवरून काढलेला तो जुना नकाशा उघडला. निळी जाळी, खोबणीतला तो लांबुळका गोळा, आणि त्यात मी कोंबून बसवलेलं आपलं बूच. दोन वर्षांनी पाहिलं तर एखाद्याला दुसऱ्याचा सदरा घालावा तसं दिसत होतं. खांदे बाहेर, बाह्या रिकाम्या.

तुझा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. तू स्टूल ओढून माझ्या शेजारी बसलीस आणि तूच मला ठेवलेल्या नावाने हाक मारून म्हणालीस, "घाई, तुझ्या बुचाला दोन क्लोरीन आहेत. एवढे जड अणू. नकाशात दिव्यासारखे दिसायला हवेत. कुठे आहेत?" मी म्हटलं, क्ष-किरणांच्या माऱ्याने उडाले असतील. तसं होतं कधीकधी, ते मी खोटं सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, "दोन्ही? आणि सगळ्याच स्फटिकांतून?" मग मी काय बोलले तेही आठवतं. तुला फक्त स्फटिक वाढवता येतात, नकाशा वाचणं माझ्यावर सोड, असं म्हटलं. पंधरा वर्षं जिच्या हाताला खडीसाखरेसारखे स्फटिक लागले म्हणून माझी अर्धी कीर्ती झाली, तिला हे म्हटलं. तू आपल्या शोधनिबंधावरून तुझं नाव काढायला सांगितलंस. मी काढलं. इतक्या लगेच काढलं की त्याचीही आता लाज वाटते.

आता जे तुला माहीत नाही ते.

त्या स्फटिकांच्या आधीच्या आठवड्यात तुझ्या वडिलांचं ऑपरेशन होतं आणि तू तीन दिवस नव्हतीस. एन्झाइम धुवायचं काम माझ्याकडे होतं. आपण ते वेगळं काढतो तेच मुळी त्याला त्याच्या चिठ्ठीच्या रेणूंनी दाट झालेल्या पाण्यात बुडवून. म्हणून नंतर ते पाणी पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. तुझा नियम दारावर लावलेला होता: तीन दिवस, सहा पाणी. क्ष-किरणांच्या यंत्रावरची आपली पाळी अचानक अलीकडे आली, आणि मी एका दिवसात दोन पाण्यांवर आटोपलं. वहीत लिहिलं, 'धुतलं'. खोटं नव्हतं ना ते. तू परत आलीस आणि त्याच एन्झाइमवर विश्वासाने स्फटिक वाढवलेस. खोबणीत चिठ्ठी आधीच बसलेली होती, बूच आत जाणार कुठून? काकांच्या यंत्राने काल दाखवलं ते त्या चिठ्ठीचंच वजन.

तू क्लोरीन विचारत होतीस तेव्हा हे दोन पाण्यांचं मला आठवत होतं. सबंध वेळ. तुला एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर वाद तिथेच संपला असता. म्हणून नाही सांगितलं.

आणखी एक. तू प्रयोगशाळा सोडून शाळेत शिकवायला गेल्यावर साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तिचे डोळे थकलेत, तिला विश्रांती हवी आहे. सगळ्यांना ते पटलं. तुझ्या नव्या शाळेतल्या मुलांना ऐकून हसू येईल. मागच्या बाकावरची चिठ्ठी तुला तिथे लांबून दिसत असेल.

बुधवारी मी शीतपेटी उपसली. जुने उरलेले स्फटिक काकांसाठी काढले, आणि सगळ्यांत मागे तुझा तो डबा मिळाला. मिळाला म्हणजे काय, तो तिथे आहे हे मला ठाऊक होतं. मीच मागे ढकलला होता. सहा स्फटिक, तू जाण्यापूर्वी नव्याने वाढवलेले. वर तुझं अक्षर: 'तीन दिवस, सहा पाणी. घाई, हे आधी बघ.' तेव्हा निबंध स्वीकारला गेला होता. मी बघितलं नाही.

हे पत्र लिहायचं कारण असं. सोमवारी सकाळी दहा वाजता मी निबंध मागे घेत असल्याचं पत्र मासिकाला पाठवणार आहे. कारण द्यावं लागतं. मी दोन पाण्यांची गोष्ट जशी झाली तशी लिहिली आहे. साहेबांना आजच सकाळी फोन करून सांगितली, डोळ्यांचं खोटंही.  पत्राचं शेवटचं वाक्य असं आहे की ही चूक प्रसिद्धीच्या आधीच एका सहकारी बाईंनी दाखवून दिली होती. तिथे तुझं नाव घालायचं आहे. एकदा तुझ्या सांगण्यावरून ते पुसलं, या वेळी विचारल्याशिवाय लिहिणार नाही. नको म्हणालीस तर वाक्य राहील, जागा कोरी राहील. माफी मागत नाही. ती तू द्यायची की नाही हे सोमवारच्या पत्रावर अवलंबून नसावं.

आणि येत्या गुरुवारी क्ष-किरणांच्या यंत्रावर पाळी आहे. तुझे सहा स्फटिक नेतेय. दुपारी तीनपर्यंत नकाशा समोर असेल. खोबणीत दोन दिवे दिसतील, किंवा दिसणार नाहीत. रसायनवाला येणार आहे, तोवर बारावं बूच करणार नाही म्हणतो. तुझं स्टूल अजून माझ्या शेजारीच आहे, त्यावर सध्या फायली आहेत. त्या उचलून ठेवीन. आधी तू बघ, मी नंतर.

तुझीच,
घाई