छत्रीच्या काड्यांची वाटणी

मी, चांगुणाबाई भ्र. मारोती सूर्यवंशी, वय ६७ वर्षे, धंदा कुलूपदुरुस्ती, रा. मैलूर, बीदर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक दाखवलेला नाही, कुणी गोड बोलून बसवलेलं नाही.

१. मैलूर येथील दोन खोल्यांचं घर आणि बँकेत जे असेल ते माझा मुलगा धम्मानंद यास मिळावं. तो चार वर्षं माझ्याशी बोलला नव्हता म्हणून त्याचा वाटा कमी होत नाही.

२. माझी हत्यारं पत्र्याच्या डब्यात आहेत. कुलूप उघडायचे अकरा आकडे, तीन चपट्या पट्ट्या, दोन कानशी. आकडे मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे, पट्ट्या करवतीच्या तुटक्या पात्यांच्या. माझे पती छत्र्या आणि कुलुपं दुरुस्त करीत. दुकानातली हत्यारं परवडत नव्हती, म्हणून घरात जे मोडेल त्यातून ते घडवीत. मला शिकवताना त्यांनी एकच अट घातली होती: "ज्याचं कुलूप, त्यानं सांगितल्याबिगर हात लावायचा न्हाई." ते १९९८ साली वारले. त्यानंतर त्यांच्या जागेवर मी बसले आणि तेरा वर्षं ती अट पाळली.

३. ती अट मी कशी मोडली हे धम्मानंदने माझ्या तोंडून कधी पूर्ण ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे लिहिते. २०११ सालच्या उन्हाळ्यात नौबादला एका गिऱ्हाइकाचं काम करून मी परतत होते. एका घराच्या मागच्या खिडकीतून बाईचा आवाज आला. ती त्या घरची सून, शैलश्री. सासरची माणसं बाहेरून कुलूप लावून कलबुर्गीला लग्नाला गेली होती. दुसरा दिवस होता, घागरीतलं पाणी संपलं होतं, अंगात ताप होता. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, घरचा मामला आहे, आपण पडू नये. मीही खिडकीशी जाऊन तेच म्हणाले, की कुलूप तुझं नाही, मला उघडता येत नाही.

ती रडली नाही. गज धरून म्हणाली, "अक्का, कुलूप त्यांचं हाय. पण आत मी हाय."

मी डबा उघडला. एरवी तसलं कुलूप चुटकीसरशी निघतं. त्या दिवशी बराच वेळ लागला. तिला पाणी पाजलं आणि हुमनाबादच्या बसमध्ये बसवलं. तिथे तिचं माहेर आहे.

४. सासरच्यांनी माझ्यावर दागिने चोरल्याची फिर्याद दिली. ठाण्यात दोन दिवस बसले. माझ्यासमोरच्या फुटपाथवर चाव्या बनवणारा सिद्धेश्वर तिथे येऊन सांगून गेला, की असली हत्यारं घरी करणारं माणूस सरळ नसतं. त्याचा पहिला आकडा माझ्या नवऱ्याने घडवून दिला होता. त्याच्यावरचा राग मी कुणाच्या नावे करीत नाही, तो माझ्याबरोबर जाईल. दोन कानशींपैकी मोठी त्याला द्यावी. त्याची झिजली आहे.

धम्मानंद तेव्हा शाळेत कारकून म्हणून नवीन लागला होता. त्याने मला लिहून द्यायला सांगितलं, की त्या बाईने फसवून कुलूप उघडायला लावलं. मी दिलं नाही. "चोर म्हणतेत लोक तुला, मला तोंड दाखवायला जागा न्हाई," असं म्हणून तो गेला आणि भाड्याच्या खोलीत राहू लागला. तिसऱ्या दिवशी शैलश्री वडिलांना घेऊन ठाण्यात आली आणि कोंडल्याचं सगळं तिने सांगितलं. फिर्याद मिटली. मुलगा परत यायला मात्र चार वर्षं लागली, तेही सुनेने, स्नेहलने, आणला म्हणून.

५. मोठी कानस सोडून कलम २ मधला डबा स्नेहलला द्यावा. ती दोन वर्षांपासून रविवारी माझ्याजवळ बसते. चार काड्या वाया घालवल्या, पाचवीचा आकडा चांगला केला. धम्मानंदने त्या डब्याला चोराचा डबा म्हणू नये. स्नेहलने कुलूप कुणाचं हे आधी विचारावं, आणि आत कोण आहे हेही विचारावं.

६. शैलश्री आता हुमनाबादला शिवणाचे वर्ग चालवते. दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन येते आणि धम्मानंद घरी असला तर दारातूनच परत जाते. तिला माझ्याकडून काही नको आहे, मी विचारलं आहे. माझ्या मृत्यूची बातमी तिला त्याच दिवशी कळवावी, फोन धम्मानंदने स्वतः करावा. माझ्यामागे होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तिला लेकीच्या जागी बसवावं. ही लिंगायताची बाई कोण, असं पाहुण्यांनी विचारलं, तर उत्तर स्नेहलने द्यायचं नाही. धम्मानंदने द्यायचं: माझी बहीण.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर सही केली.

सही: चांगुणाबाई मारोती सूर्यवंशी

साक्षीदार:
१. भागाबाई तुकाराम कांबळे, रा. मैलूर
२. अमृतप्पा बसलिंगप्पा पाटील, रा. नौबाद

स्थळ: बीदर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५